सात उद्योग आणि एक बारीक तार

अहवाल लिहावा तर चोइजिलनं! हे मी म्हणत नाही, अख्खा जिल्हा म्हणतो. (जिल्ह्यात विचारायला जाऊ नका. मी सांगतोय तेवढं पुरे.) एकोणीस वर्षं मी मंगोलियात, गोबीच्या वाळवंटातल्या बोर-खुलानच्या तालुका कचेरीत विकास अधिकारी आहे आणि एकोणीस वर्षांत माझा एकही अहवाल परत आलेला नाही. वादळात किती बकऱ्या मेल्या, किती विहिरी वाळूनं बुजल्या, वसंतात किती उंटांची लोकर उतरवली, काहीही विचारा. बसल्या जागी आकडा देतो!

बसल्या जागी म्हणजे, तसं म्हणायची पद्धत आहे. मला बसवत नाही. खुर्चीत टेकलो की दोन मिनिटांत उजवा पाय हलायला लागतो, मग डावा, मग टेबल, मग टेबलावरचा चहा. माझी बायको यांजमा म्हणते, "तुम्ही घरात असलात की दूध आपोआप घुसळलं जातं."

बोर-खुलान म्हणजे भुरं रानगाढव. आमच्या गावाला हे नाव कुणाकडे बघून पडलं, याची चर्चा कचेरीत माझ्यासमोर कुणी करत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या खडीच्या माळावर सूर्यविजेचा प्रकल्प आला. निळ्या काचांच्या नऊ लांबलचक रांगा. त्याआधी गावात डिझेलचं इंजिन होतं. संध्याकाळी सात ते अकरा. ते सुरू झालं की सगळ्या गावाला दम्याचा म्हातारा उशाशी घेऊन झोपल्यासारखं वाटायचं. आता सूर्य उगवला की वीज, मावळला की पुन्हा तोच म्हातारा. कारण वीज साठवायला बॅटऱ्या नव्हत्या.

आणि आता राजधानीतून बॅटऱ्या येणार होत्या. एका गावापुरत्या! दावेदार दोन. एक आम्ही, दुसरं डोंगरापलीकडचं हैरहान. ज्या गावानं विजेचा जास्त उपयोग करून दाखवला, त्याला बॅटऱ्या. त्यासाठी एक लांबलचक फॉर्म आला आणि तो साहजिकच माझ्या टेबलावर आला.

पहिली तीन पानं मी चहा गार व्हायच्या आत भरली. चौथ्या पानावर प्रश्न होता: 'विजेमुळे गावात सुरू झालेले उद्योग. संख्या लिहा व पुढील यादीत खुणा करा.'

मी खिडकीबाहेर पाहिलं. एक उंट विजेच्या खांबाला अंग घासत होता. दुसरा आपली पाळी यायची वाट बघत होता. याला उद्योग म्हणता येईना.

आता तुम्ही म्हणाल, शून्य लिहायचं! अहो, शून्य लिहायला विकास अधिकारी कशाला हवा? ते रानगाढवसुद्धा लिहील. आणि हैरहानचा अधिकारी मला चांगला माहीत आहे. शिंगरू हरवलं तर घोडी हरवली म्हणून सांगणारा माणूस. तो पाच तरी लिहिणारच. म्हणून मी सात लिहिले आणि यादीत सटासट खुणा केल्या. बेकरी, केशकर्तनालय, सार्वजनिक स्नानगृह, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बुटांचं शिवणकाम, शीतगृह, फोनदुरुस्ती आणि आणखी एक. कुठला, ते आता आठवत नव्हतं. पाय हलत होता, टेबल हलत होतं, पेन जिथं पडलं तिथं खूण झाली.

फॉर्म गेला. मी हात झटकले. एप्रिल उजाडला.

एका सोमवारी आमच्या तालुकाप्रमुख देजिदबाईंनी मला बोलावलं. बाई उभ्या होत्या. बाई उभ्या असल्या की समोरच्यानं बसू नये असा आमच्याकडे नियम आहे. मला तो सोयीचा पडतो.

"चोइजिल, बेकरी कुठाय?"

"कुठली बेकरी, बाई?"

"तेच मी विचारतेय."

त्यांनी एक पत्र पुढे केलं. राजधानीहून उयांगाबाई नावाच्या अधिकारी आणि त्यांच्याबरोबर एक कोरियन इंजिनिअर, असे दोघं गुरुवारी बोर-खुलानला येत होते. 'आपल्या गावातील सातही उद्योग प्रत्यक्ष पाहण्याची उत्सुकता आहे.'

पायाखालची वाळू सरकणं हा आमच्याकडे नुसता वाक्प्रचार नाही, ती रोज सरकते. पण त्या दिवशी माझ्याच पायाखालची तेवढी सरकली!

"बाई, कळवू का की वादळ आहे?"

"चोइजिल," देजिदबाई हळू आवाजात म्हणाल्या, "जानेवारीत वसतिगृह गरम ठेवणारा पंप गोठला होता, आठवतं?"

आठवतं म्हणजे! साडेपाचला सूर्य मावळला होता, डिझेलचं इंजिन थंडीनं सुरूच होईना. मेंढपाळांची दोनशे दहा पोरं, आईबाप लांब माळावर, आणि ती पोरं अंगात कोट, पायात बूट घालून दोघं-दोघं एका खाटेवर झोपली. माझी धाकटी पुतणी त्यात होती. तिच्या पायाची दोन बोटं वाचली ती डॉक्टरच्या कृपेनं.

"त्या बॅटऱ्या मला हव्यात," बाई म्हणाल्या. "तू सात लिहिलेस. गुरुवारपर्यंत सात कर."

झालं! मी तिथूनच धावत सुटलो.

पहिली धाव घरी. "यांजमा, तू आजपासून बेकरी आहेस!"

"मी काय आहे?"

"बेकरी! वसतिगृहाचा ओव्हन आणून देतो. पाव करायचा."

"मला पाव येत नाही. मला बोर्त्सोग येतात. मेंढीच्या चरबीत तळलेले कणकेचे तुकडे."

"तेच ओव्हनमध्ये ठेव! बाहेर काढताना पाव दिसले पाहिजेत."

यांजमानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती लंगड्या बकरीकडे विकत घेण्यापूर्वी बघते. पण ओव्हन ठेवून घेतला.

दुसरी धाव पिल्जीकडे. पिल्जी आमच्याकडचा मेंढ्या कातरणारा. त्याच्याकडे विजेवरचं कातरयंत्र होतं.

"पिल्जीदादा, माणसाचे केस कापता येतील?"

"माणूस लाथा मारतो का?"

"नाही."

"मग येतील."

स्नानगृहासाठी जागा कुठंच नव्हती, म्हणून कचेरीतली माझीच खोली रिकामी केली. पाण्याची दोन पिंपं, त्यात हीटर, मधे पडदा. फायली बाहेर ओसरीत. नमद्याचे बूट शिवणाऱ्या पाच बायका गोळा केल्या. फोनदुरुस्तीला एक टेबल आणि त्यावर उघडे पाडलेले चार मेलेले फोन. शीतगृहासाठी हांदआजीचा डीप फ्रीज उचलून आणायला गेलो, तर आजी त्याच्यावर बसल्या.

"माझ्या फ्रीजात माझी बकरी आहे."

"आजी, दोन दिवस. तुमच्या बकरीसकट नेतो."

"मग मीही येईन. बकरी एकटी कुठं गेलेली नाही."

हांदआजी ऐंशीच्या घरातल्या. मुलगी ओद्वाल सहा वर्षं कोरियात, एका कारखान्यात रात्रपाळीला. आजी फ्रीजसकट आल्या आणि फ्रीजशेजारी स्टूल टाकून बसल्या.

सहा झाले. सातवा आठवेना! रात्रभर यादी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. शेवटी मनाला म्हटलं, छोटंसंच काहीतरी असेल. वेळेवर सुचेल.

सगळे उद्योग मी कचेरीच्या गल्लीत एका ओळीत मांडले. पाहुण्यांना चालायला नको! ही माझी अक्कल. बुधवारी तोग्तोख आला. हा पूर्वी डिझेल इंजिनचा माणूस, आता प्रकल्पाचा. त्याच्या नावाचा अर्थ 'स्थिर', आणि तो आहेही तसाच. वीस वर्षं इंजिनाशेजारी राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय आणि इतरांचं न ऐकायची सवय, अशा दोन्ही लागल्यात.

"चोइजिलभाऊ! ही तार बारीक आहे!"

"वीज कमी पडेल?"

"वीज भरपूर आहे! तार बारीक आहे! ही गल्ली चार दिव्यांची! तुम्ही ओव्हन, हीटर, फ्रीज, सगळं इथंच—"

"सगळं एकदम नाही लावणार रे. पाहुणे जिथं जातील तिथलंच चालू. मी सगळ्यांना समजावून सांगतो."

आणि मी सांगितलंही. पण बघा, मी काय सांगितलं: 'पाहुणे आले की लावा.' ऐकणाऱ्यांनी ते जसं ऐकायचं तसं ऐकलं.

गुरुवारी पाहुणे एक तास आधी आले. मी तेव्हा ओसरीत फायलींच्या ढिगावर उभा राहून पडदा बांधत होतो. मोटार थांबल्याचा आवाज आला आणि मी ढिगासकट खाली आलो. उयांगाबाई चाळिशीच्या, नाकावर चष्मा, हातात वही. इंजिनिअरांचं नाव होतं बेक. बेकरी दाखवायची आणि पाहुण्याचं नाव बेक! मला हा शुभशकुन वाटला. डोक्यावर दाट पांढरे केस, चेहरा हसरा. त्यांच्या मागून दोघांनी धरून एक माणूस उतरवला. तो दुभाषी होता. नऊ तास कच्च्या रस्त्यावर गाडी उडून त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं. तो थेट दवाखान्यात आडवा झाला.

"आता बोलायचं कसं?" उयांगाबाई म्हणाल्या. "यांना आपली भाषा येत नाही."

"माझ्या ओद्वालला कोरियन येतं," स्टुलावरून आवाज आला. हांदआजी! त्यांनी लगेच फोन लावलाही. पडद्यावर ओद्वाल उमटली. केस विस्कटलेले, नुकतीच पाळीवरून आलेली. बेकसाहेबांना पाहून ती कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली आणि बेकसाहेबांचा चेहरा उजळला.

मीही खूश! फुकटचा दुभाषी, तोही गावातलाच! एवढं एक लक्षात आलं नाही की ओद्वालला आमच्या सात उद्योगांची वार्ता कुणी दिलेली नव्हती.

वरात निघाली. पुढे मी, मागे पाहुणे, मधे हांदआजी फोन पुढे धरून. आजी मधेच विसरून फोन कानाला लावत, मग ओद्वालला फक्त आजीचा कान दिसे.

"ही आमची बेकरी!" मी म्हणालो. "विजेमुळे सुरू झाली. रोज हजार पाव!"

"कुणाची बेकरी?" फोनमधून ओद्वाल. "अगं बाई, यांजमावहिनी? वहिनी, तू पाव कधीपासून करायला लागलीस?"

"सोमवारपासून," यांजमा म्हणाली. माझी बायको खोटं बोलत नाही. हा तिचा फार मोठा दोष आहे.

"ओद्वाल, तू फक्त भाषांतर कर!"

मी चार शब्द बोललो, ती चाळीस बोलली. बेकसाहेब पोट धरून हसले.

"काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, मला हसू का येतंय. मग सांगितलं मी खरं काय ते. चोइजिलकाका, गावात सहाशे माणसं नाहीत आणि रोज हजार पाव कोण खातं?"

उयांगाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. माझा पाय उभ्या-उभ्या हलायला लागला. यांजमानं एक पाव पुढे केला. बाहेरून पाव, आतून बोर्त्सोग. बेकसाहेबांनी तो खाल्ला, दुसरा मागितला. तेवढंच समाधान!

पुढे बुटांच्या बायका. पाहुणे आले म्हणताच पाचही यंत्रं एकदम सुरू. शीतगृह गुरगुरत होतंच. फोनदुरुस्तीवाल्यानं चारही मेलेल्या फोनांना चार्जर लावले. आणि स्नानगृहाबाहेर... मंडळी, स्नानगृहाबाहेर मी दाखवायला पाच माणसं उभी करणार होतो. तिथं एकतीस जण होते! टॉवेल, साबण, बायकापोरं, शेजारच्या वाड्यांवरून मोटारसायकलींवर आलेले मेंढपाळ.

"तुम्ही कुठून आलात?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"गरम पाण्याचं न्हाणीघर निघालं म्हणे! चाळीस किलोमीटर आलोय! एप्रिलात गरम पाणी! नंबर कधी लागेल, साहेब?"

"आत कोण आहे?"

"गुरांचा डॉक्टर. अर्धा तास झाला, बाहेर येईना. गातोय."

एवढी माणसं पाहून मेंढपाळांनी आमच्या पोरांपैकी कुणाला तरी सांगितलं आणि कुणीतरी पिंपात आणखी दोन हीटर सोडले. हे मला नंतर कळलं.

आम्ही पिल्जीच्या केशकर्तनालयात शिरलो. पिल्जी नव्या सदऱ्यात, हातात कातरयंत्र, समोर रिकामी खुर्ची. गिऱ्हाईक म्हणून मी ज्याला ठरवलं होतं तो न्हाणीघराच्या रांगेत जाऊन उभा होता. बेकसाहेबांनी खुर्ची पाहिली, आरसा पाहिला, नऊ तासांची धूळ बसलेले आपले केस पाहिले आणि ते सरळ खुर्चीत बसले!

"नको, नको!" मी म्हणालो.

"काका, ते म्हणतायत, थोडे बारीक करा."

पिल्जीनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. तिथं छप्पर होतं.

"सांगा त्यांना, हलायचं नाही," पिल्जी म्हणाला. "हललं की कान जातो."

घर्रर्र! यंत्र मानेपासून कपाळापर्यंत एका दमात गेलं. मेंढीची लोकर जशी एका पट्ट्यात उतरते, तसे पांढरे केस उतरले. दुसरा पट्टा. तिसरा. अर्धं डोकं अंड्यासारखं गुळगुळीत. आणि...

फट्!

बाहेर खांबावर आवाज झाला. यंत्र थांबलं. दिवा गेला. फ्रीजची गुरगुर गेली. शिवणयंत्रं गेली. न्हाणीघरातलं गाणं मात्र दोन ओळी पुढे गेलं आणि मग किंचाळी आली, "पाणी गार झालं!"

बाहेर एकतीस माणसांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. त्यावर ताण तोग्तोखची, "सांगितलं होतं! तार बारीक आहे!"

बेकसाहेबांनी डोक्याच्या एका बाजूवरून हात फिरवला, मग दुसऱ्या बाजूवरून. मला वाटलं, आता संपलं. बॅटऱ्या गेल्या, नोकरी गेली, बहुधा दोन देशांतली मैत्रीही गेली. पण तो माणूस गळ्यातलं फडकं तसंच ठेवून उठला, दारात गेला, धूर निघणाऱ्या खांबाकडे पाहिलं आणि त्याचे डोळे असे चमकले जसे म्हाताऱ्या घोड्याचे शर्यतीचा आवाज ऐकून चमकतात. पुढच्या क्षणी तो आणि तोग्तोख शिडी घेऊन खांबाकडे पळत होते.

खोलीत मी, उयांगाबाई, पिल्जी आणि हांदआजी. आजींच्या हातात फोन. फोनात ओद्वाल, जी विचारत होती, "काय झालं? मला फक्त कुणाचा तरी गुडघा दिसतोय!"

उयांगाबाईंनी वही उघडली. "सहा पाहिले. सातवा राहिला."

"सातवा... कुठला, बाई?"

त्यांनी चष्मा नीट केला. "मत्स्यपालन."

मंडळी, बोर-खुलानपासून जवळची नदी दोनशे किलोमीटरवर आहे. आमच्याकडे पाऊस वर्षातून इतकाच पडतो की त्यात मासा आडवा झाला तरी त्याची पाठ कोरडी राहील.

"मासे?" फोनमधून ओद्वाल. "काका, गावात मासे?"

मी तोंड उघडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आत आकडाच नव्हता.

"मासे नाहीत, बाई," मी म्हणालो. "बेकरीही नाही. काहीच नव्हतं. सोमवारपर्यंत शून्य होतं."

"मग सात का लिहिलेत?"

"हैरहानवाले पाच लिहिणार, हे मला माहीत होतं."

"त्यांनी नऊ लिहिलेत," उयांगाबाई थंडपणे म्हणाल्या. "त्यात एक आइस्क्रीमचा कारखाना आहे."

मला क्षणभर हैरहानच्या माणसाचा हेवा वाटला, हे लपवत नाही. पण मग वसतिगृह डोळ्यांपुढे आलं आणि माझा पाय हलायचा थांबला. "बाई, जानेवारीत इथली पोरं कोट-बूट घालून झोपली. माझ्या पुतणीची बोटं जाता-जाता वाचली. संध्याकाळी सहानंतर इंजिन रुसलं की आमच्याकडे काही नसतं. हे लिहायला तुमच्या फॉर्मात जागाच नव्हती. उद्योगांना होती, म्हणून उद्योग लिहिले. माझं काय करायचं ते करा, पण बॅटऱ्या..."

उयांगाबाई हांदआजींकडे वळल्या.

"आजी, तुम्हाला या विजेचा काय फायदा झाला?"

आजी काय बोलतील याचा नेम नसतो.

"मला कसला फायदा?" आजी म्हणाल्या. "मी वीज वापरतच नाही. दिवा लावला की किडे येतात. बकरी ठेवते तेवढी."

मी डोळे मिटले.

"आणि हिच्याशी बोलते," आजी पुढे म्हणाल्या. "पूर्वी इंजिन रात्री चालायचं ना, तेव्हाच फोनचा टॉवर चालायचा. तेव्हा ही कामावर. ही दिवसा घरी, तर इथं टॉवर मेलेला. चार वर्षं मी हिचं तोंड पाहिलं नव्हतं. माझा नवरा गेला तेव्हासुद्धा हिला तिसऱ्या दिवशी कळलं. आता ही पाळीवरून येते, मी चहा करते, ती तिकडे भात खाते. मी म्हणते, कमी खातेस. ती म्हणते, खातेय. भांडतो रोज. हा फायदा का काय म्हणतात तो आहे का, मला माहीत नाही."

ओद्वाल फोनमधून म्हणाली, "आई, फोन जरा वर धर. मला तू दिसत नाहीयेस."

फॉर्मात एक रकाना होता, 'इतर.' मी त्यात आडवी रेघ मारली होती.

उयांगाबाईंनी चष्मा काढून पुसला. धूळ फार असते आमच्याकडे. मीही पुसला. मी चष्मा लावत नाही, हे पुसताना लक्षात आलं.

तेवढ्यात बेकसाहेब परतले. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्धं पांढरं आणि आता काळं, हात कोपरापर्यंत माखलेले, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. त्यांच्या हातात वितळलेल्या तारेचा तुकडा होता. तो त्यांनी फोनसमोर नाचवला आणि भराभरा बोलले.

"काका," ओद्वाल म्हणाली, "ते म्हणतायत, मी अकरा गावं बघितली. सगळीकडे चकचकीत यंत्रं दाखवली, सगळ्यांवर धूळ होती. इथं तार जळली. माणसांना वीज नको असती तर ती जळली नसती. आणि विचारतायत, न्हाणीघरात त्यांचा नंबर कितवा?"

बत्तिसावा होता. रांगेतल्या कुणीही त्यांना पुढे घेतलं नाही. चाळीस किलोमीटर आलेला माणूस म्हणाला, "पाहुणे असतील, पण आम्हीही पाहुणेच आहोत."

चार वाजता तोग्तोखनं तात्पुरती जाड तार ओढली. पिल्जीनं उरलेलं अर्धं डोकं उरकलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर बेकसाहेबांनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि पिल्जीचा हात हातात घेतला. तो धन्यवाद होता की धमकी, ते ओद्वालनं सांगितलं नाही. ती झोपली होती. आजींनी फोन बंद न करता फ्रीजवर ठेवला होता आणि शेजारी बसून त्या तिला झोपलेली बघत होत्या.

जूनच्या सुरुवातीला पत्र आलं. ते हातात येईपर्यंतच्या सात आठवड्यांत मी किती चाललो असेन! यांजमा म्हणाली की अंगण एक इंच खाली गेलंय. देजिदबाईंनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाल्या, "बस."

बॅटऱ्या आम्हाला! पुढच्या थंडीआधी.

उद्योगांचं म्हणाल, तर बूट आणि फोनदुरुस्ती दुसऱ्याच दिवशी उठली. पण बेकरी उठेना. यांजमाला शंभर बोर्त्सोगांची रोजची मागणी लागली, ती पहाटेपासून ओव्हनपाशी आणि घरी चहा मी करतो. पिल्जीकडे माणसं मेंढ्यांपेक्षा जास्त येतात. न्हाणीघर माझ्या खोलीतून हलवायचा विषय मी एकदा काढला होता. गावानं माझ्याशी चार दिवस बोलणं सोडलं.

पत्राला मात्र एक अट होती. आधी कचेरीच्या गल्लीतली तार आणि खांब बदलायचे. तार राजधानी देणार, खांब राजधानी देणार, खड्डे गावानं खणायचे. बावीस खड्डे, प्रत्येकी एक मीटर सत्तर खोल. खाली उयांगाबाईंनी हातानं एक ओळ लिहिली होती: 'या कामासाठी ज्यांना एका जागी बसवत नाही, अशा श्री. चोइजिल यांची शिफारस.'

गोबीची जमीन वरून खडी आणि खालून खडक. हाताला फोड आलेत, कंबर धनुष्य झालीय. पण एक सांगतो, बोर-खुलानमध्ये माझ्याइतक्या झपाट्यानं खड्डे खणणारा दुसरा माणूस नाही! आज अकरावा संपला. मी वहीत नोंदही केली: 'अकरावा, पूर्ण, एक मीटर सत्तर.'

मग तोग्तोख आला. त्यानं खड्ड्यात पट्टी सोडली, वाकून पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "चोइजिलभाऊ! एक मीटर पस्तीस!"

वारा फार आहे हो आमच्याकडे. माती पडते आत!